उद्घाटनाआधीच बरा झालेला पाय

ती. भावोजींना साष्टांग नमस्कार. (पाय दुमडायला डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे, तेव्हा हा नमस्कार खराखुरा समजावा.) ताईची कंबर कशी आहे? तुमच्या पायाला नवा बूट चावल्याचं मागच्या पत्रात होतं. आता बरं आहे असं तुम्हीच लिहिलंत, म्हणजे विषय संपला. तुमच्यापुढे कोण बोलणार?

माझ्या पायाची कथा मात्र ऐकाच. पँट बेतताना माझीच मोठी कात्री माझ्याच पावलावर पडली, हे तुम्हाला ठाऊक आहे. (जन्मभर कापड कापून कंटाळली असेल बिचारी.) त्यात रक्तातली साखर, त्यामुळे जखम काही केल्या भरेना. शेवटी बायकोने हाताला धरून इस्पितळाच्या नव्या विभागात नेलं. विभाग चालू होता, फक्त उद्घाटन व्हायचं होतं.

तिथे पेनाएवढं एक यंत्र आहे. त्याच्या टोकातून जांभळट ज्योत फुसफुसत निघते. मी डोळे गच्च मिटले, कारण इस्त्रीचे चटके आयुष्यभर खाल्लेला माणूस मी. पण ज्योत भाजेचना! (थंड प्लाझ्मा म्हणतात तिला. वायूत वीज सोडून करतात. जंतू मरतात, कातडी शाबूत राहते.) वरून नॅनोतंतूंची पट्टी लावतात, आणि इथे माझ्यातला शिंपी दुखावला. हे तंतू केसाहून कितीतरी बारीक, विजेच्या जोराने ओढून काढलेले. पट्टी उजेडात धरून बघितली, तर उभा धागा नाही की आडवा नाही. कुणी विणली म्हणून विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, ही विणत नाहीत. तंतू एकावर एक पडत जातात." म्हणजे गुंताच की! असला गुंता आमच्या दुकानात केरात जातो. इथे त्यात औषध भरून जखमेवर बसवतात. पण खोटं कशाला सांगू, भावोजी, त्या गुंत्याखाली जखम भरू लागली. मला रडूच आलं.

रडकुंडीला विभागप्रमुखही आले, पण वेगळ्या कारणाने. उद्घाटनात मोठ्या पाहुण्यांसमोर माझ्याच जखमेवर ज्योत फिरवून दाखवायची होती, पण त्यांना सवड नाही म्हणून ते पुढे पुढे जात होतं. दारावर माझ्या पावलाचा भलाथोरला फोटो (बोटं दिसणार नाहीत अशा बेताने काढलेला) आणि खाली 'उपचार सुरू'. प्रत्यक्षात पाऊल गुळगुळीत होत चाललेलं. प्रमुख येत, पट्टी उचलून बघत आणि तोंड पाडून जात. "काका, जरा दमानं घ्या की," असंही एकदा म्हणाले. गोड खाता का, हे तर मोठ्या आशेने विचारलं. बरं होऊन मी त्यांचा केसाने गळा कापत होतो.

उद्घाटनाच्या दिवशी जखमेच्या जागी नुसता गुलाबी डाग उरला होता. मग प्रमुखांच्या हुकमाने सिस्टरनी पर्समधली लिपस्टिक काढली आणि जखम अशी हुबेहूब रंगवली की मलाच ठणका लागला. पाहुणे आले, ज्योत फिरली, पण लिपस्टिक जागची हलेना. पाहुण्यांना माझी दया आली, त्यांनी मायेने पावलावरून हात फिरवला आणि जखम साफ पुसली गेली! टाळ्या थांबेचनात. पेपरात पाहुण्यांच्या हाताचा फोटो आला. आता विभागापुढे ही रांग असते, पण सगळे विचारतात, हातवाले साहेब कधी बसतात? डॉक्टरीणबाई यंत्र घेऊन रिकाम्या बसलेल्या.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. तुमची पँट शिवून तयार आहे. पाठवणार नाही, एकदा अंगावर घालून बघायला स्वतः या.

आणखी ता. क. पँट शिवलेली नाही. कापडही आणलेलं नाही. ताईने कळवलंय की तुम्ही डाव्या पायातला मोजा झोपतानाही काढत नाही आणि धुवायलाही कुणाला देत नाही. इतके दिवस बूट चावत नाही, भावोजी. फोटोत बोटं का नव्हती, ते वर लिहिलं नाही. करंगळी गेली. खरचटलंय म्हणत मी दुकानात बसून राहिलो, आणि ज्योत आली तोवर तिला उशीर झाला होता. डॉक्टरीणबाईंना तुमचं नाव सांगून ठेवलं आहे. मोजा घालूनच या. तिथे काढू, मी शेजारी बसेन.