पातेलं दोनशेचं!

मंगळवार, जिंतूर

कचरा टाकायला बाहेर गेले आन् मागं दाराचं लॅच लागलं. चावी आत, गॅसवर डाळ. चावीवाल्यानं फोनवर दीडशे सांगितले होते. दारात आला, करपल्याचा वास आला, तसा म्हणला, "ताई, आठशे लागतील." वासावर भाव?

मी पायरीवर बसले. "जळू द्या डाळ. पातेलं दोनशेचं हाय."

सगळा जीव आत गॅसपाशी होता, खोटं कशाला लिहू? पण उठले न्हाई. शेवटी पुटपुटत त्यानं दोन मिनिटांत दार उघडलं. दीडशेच दिले.

आत्ता चिंच लावून घासायले. काळं काही निघंना. दोनशेचं कुठलं? आईनं लग्नात दिलेलं पितळी पातेलं हाय. पण हे त्याला कशाला कळू द्यायचं?