अर्धा काळा फोटो आणि माझी दुसरी साक्ष

मी, गंगाधर त्र्यंबक सोमण, वय वर्षे सहासष्ट, धंदा छायाचित्रण, राहणार कराड, जिल्हा सातारा, आज स्वहस्ते हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, डॉ. मुकुल आगाशे यांनी आज सकाळीच तपासून तसा दाखला दिला आहे. अशा लिखाणात ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तर मी भ्यालेलो आहे, हे आधीच नमूद करतो. परंतु ज्यांची मला भीती वाटते त्यांना मी गप्प राहिलेला हवा आहे. त्यामुळे हे लिहिणे माझ्याच मर्जीचे आहे.

१. राहते घर व खालचा स्टुडिओ पत्नी सौ. उमा हिला मिळावा. तिने स्टुडिओ चालवू नये, विकावा, आणि सांगलीला विश्रामबागेत मुलीकडे, चि. अश्लेषाकडे, राहायला जावे. तोवर रस्त्याकडच्या खोलीत झोपू नये. समोर मोटारसायकल लावून बसणारे दोघे कोण, हे चौकशी करूनही मला कळलेले नाही.

२. बँकेतील ठेव दोघींनी निम्मी निम्मी घ्यावी. मेहुण्यांनी १९७८ साली लग्नाला म्हणून नेलेले माझे कॅमेरा ठेवायचे जर्मन तिकाटणे त्यांनाच लखलाभ असो. मागायला जाऊ नये.

३. माझा पडद्याच्या शटरचा कॅमेरा सध्या कोर्टाच्या ताब्यात आहे. तो परत मिळाल्यावर अश्लेषाने सांभाळावा. वरच्या कोर्टापर्यंत सगळे संपेतो त्याची दुरुस्ती किंवा साफसफाई करू नये. कारण येथे लिहितो.

नोव्हेंबर १९९७ मध्ये उंब्रजजवळ हंबीररावांच्या नव्या गुऱ्हाळाच्या मुहूर्ताचे फोटो मी काढले. पत्र्याच्या शेडात दिवसाही अंधार, म्हणून फ्लॅश लावला. आठच दिवसांनी तिथे उसाच्या घाण्याच्या पट्ट्यात धुळा नावाच्या कामगाराचा हात ओढला गेला आणि कराडला आणताना तो वारला. माण तालुक्यातून कामाला आलेला तरणा गडी. हंबीरराव म्हणाले, पट्ट्यावर जाळी होती, धुळानेच ती काढली. माझ्या एका फोटोत मुहूर्ताचा नारळ फुटताना उघडा पट्टा स्वच्छ दिसतो. जाळी पहिल्या दिवसापासूनच नव्हती. पण त्या फोटोची दुसरी अर्धी बाजू काळीकुट्ट आहे.

यंदा जुलैमध्ये हंबीररावांवरच्या खटल्यात माझी साक्ष झाली. हंबीररावांच्या वकिलांनी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातून छापून आणलेला इंग्रजी कागद वाचला. शटरचा वेग कोणताही असो, फ्लॅशने चित्र पूर्ण उजळते, असे त्यात होते. “म्हणजे हा काळा भाग तुम्ही डार्करूममध्ये केलात. फोटो बनावट आहे. कोशात लिहिलंय ते तरी बरोबर ना?”

मला उत्तर ठाऊक होते. माझ्या कॅमेऱ्यात फ्लॅशला साठचा, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाचा, वेग लावायचा असतो. गडबडीत सव्वाशेवर राहिला, म्हणून अर्धे चित्र काळे आले. नवशिक्याची चूक. चाळीस वर्षे लोक मला मास्तर म्हणतात. भीतीही होतीच, पण त्या क्षणी लाज तिच्याहून मोठी ठरली. मी म्हणालो, “तसं असेल.”

बाहेर धुळाची बायको हरणाबाई उभी होती. “आवं मास्तर, फोटू खरा हाय म्हणला हुता न्हवं तुमी?” मी छत्री उघडली आणि चालू लागलो. पाऊस नव्हता.

४. पुढचे अधिक वाईट आहे. सांगलीला अश्लेषाने मला कॉलेजजवळच्या इंटरनेटच्या दुकानात नेऊन ते पान दाखवले. संगणकाच्या पडद्यावर ते इतके ठामपणे लिहिलेले होते, की मलाच माझी शंका येऊ लागली. एवढा मोठा कोश चुकेल, की कराडचा एक म्हातारा? अश्लेषा म्हणाली, “बाबा, विचारताय कुणाला? कॅमेरा तुमच्याकडे आहे.” तिच्या घरच्या पांढऱ्या भिंतीचे मी फ्लॅश लावून छत्तीस फोटो काढले. ते स्वतःच धुतले. साठला भिंत पूर्ण; सव्वाशेला दर वेळी अर्धी काळी. भिंगात पाकळ्यांसारखे उघडणारे जे शटर असते त्याला कोशातले वाक्य लागू आहे. माझ्या कॅमेऱ्यातला कापडी पडदा मात्र त्या वेगाला चित्र एकदम पूर्ण उघडतच नाही. कोशाने एकाचे वर्णन सगळ्यांना लावले होते.

ती छत्तीस चित्रे व तो छापील कागद एकाच पाकिटात ठेवावा. अश्लेषाने कोशवाल्यांना पत्र पाठवले आहे. उत्तर आले तर ते हरणाबाईंना मराठीत वाचून दाखवावे.

५. सरकारी वकिलांनी अर्ज केला आणि काल मला पुन्हा बोलावले. मी भिंग काढले, कॅमेऱ्याची पाठ उघडली, सव्वाशेचा वेग लावला, फ्लॅश भिंतीकडे केला आणि म्हणालो, “साहेब, आपण स्वतः बघावं.” न्यायाधीश उठून आले. पाच वेळा बघितले. “अर्धंच दिसतंय,” म्हणाले आणि तसेच लिहून घेतले. मग चूक माझी होती आणि जुलैत मी ती लपवली, हेही मी सांगितले. तेही लिहून घेतले.

जिन्यात हंबीररावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मास्तर, घरी कोन कोन असतंय?” आवाज अगदी मऊ होता. निकाल तीस तारखेला आहे. मला काही झाले तर हा परिच्छेद पोलिसांना द्यावा.

६. साक्षीदारांबाबत खुलासा. शेजारचे भांड्यांचे दुकानदार लालासाहेब थोरात यांनी काल होकार दिला होता. आज पेन हातात घेऊन त्यांनी ते खाली ठेवले. “रागावू नका मास्तर. आमचं निम्मं गिऱ्हाईक उंब्रजचं हाय. पोरंबाळं हायती.” मी रागावलो नाही. त्यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या पत्नी उंबऱ्याशीच थांबल्या होत्या. त्यांनी विचारले, “डाक्टर, बाईमाणसाची सही चालती का वो?” डॉक्टर म्हणाले, “चालते.” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “सरका मग जरा,” आणि पाटावर बसल्या.

ठिकाण : कराड. तारीख : १९ ऑगस्ट १९९९.

लिहून ठेवणार : गंगाधर त्र्यंबक सोमण (सही)

आम्हा दोघांसमक्ष वरील सही झाली :

१. डॉ. मुकुल आगाशे (सही)

२. सौ. सुलाबाई लालासाहेब थोरात (सही, अक्षर जुळवून, पूर्ण नावानिशी)