आईसाठी निवडलेलं स्तोत्र

मावशी,

दूध तापवून ठेवलंय. बाबांना इतक्यात उठवू नकोस, पहाटे कुठे त्यांचा डोळा लागलाय. मी चर्चमध्ये पुढे जाते आहे. आईच्या स्मरणाच्या उपासनेत मी स्तोत्र वाचणार नाही, असं काल तुला तोडून बोलले. वाचणार आहे.

फक्त तू खूण घालून दिलेलं, सगळ्यांना धीर देणारं ते नाही. काल भांडी घासताना तू जे पुटपुटत होतीस, ते मी शोधून काढलं. त्यात माणूस पहिल्यापासून देवाशी भांडतो आणि शेवटीही त्याचं समाधान होत नाही. पण तो उठून जात नाही. आई गेल्यापासून देवाशी बोलायला मला एवढीच जागा सापडली. सध्या तेवढा विश्वास पुरे आहे.

पाळकसाहेब भुवया उंचावतील. तू म्हणशील, "बाई गं, लोक काय म्हणतील!" म्हणू देत.

रिकाम्या बाकांपुढे एकदा मोठ्याने वाचून बघते. येताना बाबांचा चष्मा आण. आणि तू अगदी पुढच्या रांगेत बस. माझा आवाज अडकला, तर पुढची ओळ तू म्हण.