कात्री उघडणारा हात

दि. ५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या भावाच्या हाताचं आईने फोनवर अर्धंच सांगितलं असणार, म्हणून सगळं लिहिते. दुकानात दुपारी लाकडी खुर्चीच्या पाठीवर उजवा दंड टाकून बाबांना गाढ झोप लागली. उठले तेव्हा मनगट लुळं पडलेलं. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, तुटलेली नाही. सावकाश जागी होईल. बोटं मिटतात, पण उघडत नाहीत. म्हणजे कात्री बंद होते, उघडत नाही. शिंप्याला याहून वाईट काय?

भागीदारकाका म्हणाले, महिनाअखेरपर्यंत पाहू, नाहीतर कापायचं टेबल नव्या कटरला देऊ. बाबा लगेच म्हणाले, देऊन टाका, मी गल्ल्यावर बसेन. मी मध्येच 'नाही' म्हणून बसले.

डॉक्टरांना विचारून, माझ्या पेशंटना लावते ते करंटचं मशीन घरी आणून बाबांना लावायला लागले आहे. हाताच्या मागच्या बाजूला दोन पॅड, हलका करंट, की स्नायू आपोआप आवळतो. छातीत कसलं यंत्र बसवलेलं नाही ना, हे आधी पुन्हापुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, छातीत तुझी आई बसली आहे, तिला करंट चालतो का ते बघ.

पॅडची जागा चुकू नये म्हणून बाबांनी उभं राहून, टेप लावून, खडूने स्वतःच खुणा करून घेतल्या. इतक्या रेखीव, की मला लाज वाटावी. पण मनगट अंगठ्याकडे तिरकं उचललं जातं आणि बोटं ढिम्म! बाबा म्हणतात करंट वाढव, मी म्हणते नको. लहानपणी तुझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तू माझी बोटं तुझ्या हातावर ठेवून स्नायू ओळखायला शिकवलंस, ते सगळं आठवून पाहिलं. माझं कुठे चुकतंय?

रागावलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.
तुझी भाची


दि. ११ जानेवारी

चि. भागूबाईस,
अनेक आशीर्वाद.

करंट वाढवू नकोस, हे बरोबर केलंस. आता मला सांग, खुणा करताना तुझ्या बापाने हात कसा धरला होता? बाहीचं माप देताना गिऱ्हाईक धरतं तसा, खाली सोडून. हो ना? आणि मशीन लावताना तू तो टेबलावर तळवा खाली करून ठेवतेस. हात असा फिरला की कातडी स्नायूवरून सरकते. कापड हललं, बाई, आणि तुम्ही दोघं खुणेवरच कात्री चालवताय! खडू पुसून टाक. ज्या अवस्थेत हात ठेवायचा, त्याच अवस्थेत बोटाने चाचपून जागा शोध.

दुसरं, करंट आला की त्याने स्वतःही हात उचलायची धडपड करायची. न्हाव्यापुढे बसल्यासारखं नुसतं बसायचं नाही. नस तिच्या वेळेनेच जागी होईल. तोवर स्नायूने काम विसरू नये, एवढंच मशीनचं काम. याहून जास्त वचन कुणाला देऊ नकोस.

आणि 'दुखतंय का' हे एकदाच विचारायचं. मग तोंडाकडे बघायचं. तुझा बाप खोटं बोलतो, पण त्याच्या भुवयांना ते जमत नाही.

वहिनीला सांग, मी मजेत आहे. तुझ्यावर जीव आहे, म्हणूनच बोलते.
तुझी आत्या


दि. २९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न.

अगदी तसंच निघालं! पॅड थोडे सरकवले आणि बाबांची बोटं एकामागून एक उघडली. बाबा बघतच राहिले. मग फणकाऱ्याने म्हणाले, माप चुकलं नव्हतं, गिऱ्हाईक हललं. आता करंट आला की ते स्वतःच 'उघड, उघड' म्हणून हाताला दटावतात. आई स्वयंपाकघरातून विचारते, कुणाला ओरडताय?

परवा करंट यायच्या आधीच मधलं बोट किंचित उचललं गेलं. खोटी आशा नको म्हणून मी गप्प राहिले, पण ते रात्रभर डाचत राहिलं. हात त्यांचा, मग बातमी मी का अडवून ठेवावी? सकाळी सांगितलं. म्हणाले, मला कालच कळलं होतं, तू घाबरशील म्हणून बोललो नाही.

मग मीच भागीदारकाकांकडे गेले. नस कॅलेंडर बघून चालत नाही, अजून एक महिना लागेल आणि तेव्हाही हलक्या कामानेच सुरुवात होईल, असं सांगितलं. हात पूर्ण बरा होईलच का, असं त्यांनी विचारलं. बहुतेक होईल, पण लिहून देणार नाही, असं म्हटलं. ते बराच वेळ कुरकुरले, शेवटी 'बरं' म्हणाले.

हे वाचून हसू नकोस. हसलीसच तर थोडंच.
तुझी भाची


दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे. परवा टेबलापाशी उभा राहून अस्तर कापलं. जाड कापडाला हात अजून दमतो. मधल्या काळापुरता ठेवलेला नवा कटर माझ्यासमोर उभा राहतो. पोरगा बरा आहे, पण कोटाचा खांदा पाडतो. टेबल माझंच आहे, हे भागीदाराने त्याला माझ्यादेखत सांगितलं.

कालपासून मशीन घरात नाही. मी म्हटलं, राहू दे अजून काही दिवस, सवय झाली आहे. तुझी भाची म्हणाली, आता तुमचा हात तुम्हीच उचलायचा, दुसरा पेशंट थांबला आहे. तिने ना तुला पत्र टाकून विचारलं, ना डॉक्टरांना फोन केला. वायरी गुंडाळल्या आणि गेली. मी दारात उभा राहून हात हलवला. तेव्हा कुठे ती हसली.

कोटाचं कापड घेऊन ये, माप मी घेतो. माया आहे तशीच असू दे.
तुझा धाकटा भाऊ