सोमवारची मुदतवाढ

प्रिय ग्रंथपालबाई,

'बाई' म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, ठाऊक आहे मला. पण तू चारचौघांत मला 'बटणवाली' म्हणायचीस, त्याची ही फिट्टंफाट. आठ महिने झाले आपण बोललो नाही. चूक माझीच आहे, तेवढं आधी लिहून टाकते.

शाळेत माझं तेच चाललंय, शिक्षकांना संगणक शिकवणं. परवा गणिताच्या सरांनी नव्या स्क्रीनवर न पुसणाऱ्या मार्करने अख्खं गणित सोडवलं आणि वर मलाच विचारलं, की आता पुढचं पान कसं उलटायचं. कपाळावर हात मारला मी. तू असतीस तर आठवडाभर त्यांना सोडलं नसतंस. वाचनालय रोज दुपारी दोन तास मीच उघडते. तुझी नोंदवही टेबलावर आहे. संगणकात नोंद केली तरी वहीत लिहायचंच, हा तुझा हट्ट मीही चालू ठेवलाय, का ते विचारू नकोस. तुला संगणक मी शिकवला असं सगळे म्हणतात, पण खरं आपल्या दोघींनाच माहीत. मी तीनदा सांगून थकले आणि तुझ्या लेकीने एका मधल्या सुट्टीत तुला शिकवलं. सहावीतली पोर, खुर्चीत अर्धी तू नि अर्धी ती. स्वतःच्याच पुस्तकाची मुदत वाढवून दाखवली आणि हे तर पहिलीतल्या पोरांनाही येतं म्हणून तुला चिमटा काढला. तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही तिचा.

ती गेली तेव्हा मी तुझ्याशेजारी येऊन बसले. मग सोमवार आला. पुस्तकाची मुदत संपली की सकाळी आठला घरच्यांच्या फोनवर आपोआप संदेश जातो, त्यातूनच मुदतही वाढवता येते, ही सोय माझीच, मोठ्या तोऱ्यात करून दिलेली. तू नको म्हणाली होतीस. मुलांना मी तोंडाने सांगेन, कुणाच्या घरी काय चाललंय ते यंत्राला काय कळणार, असं तुझं म्हणणं. मी ते हसण्यावारी नेलं. तिचं शेवटचं पुस्तक तुमच्याकडेच राहिलंय आणि तिच्या नावापुढे नंबर तुझा आहे, हे माझ्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. बंद करायला म्हणून तिचं खातं उघडलं, तर प्रत्येक सोमवारी, आठ वाजून चार-पाच मिनिटांनी, तुझ्या फोनवरून मुदत वाढवलेली. एक आठवडा. मग आणखी एक. मी हात मागे घेतला. बंद करणं बरं की चालू ठेवणं, ते मला कळेना, आणि तुला विचारायचं तर तुझ्यासमोर यावं लागलं असतं. लाज वाटली गं. मग आठ महिने मी फक्त दर सोमवारी तुझी नोंद पाहत राहिले. एकदाही चुकली नाहीस.

आता नवीन वर्ष सुरू होतंय. पटावर नसलेल्या मुलांची नावं काढून टाका, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं. आज दिवसभर तेच करत होते. तिच्या नावापाशी आले आणि बोट चालेना. शेवटी कुणाला न विचारता मी तिचं नाव उचलून शिक्षकांच्या यादीत टाकलं. त्या यादीतली नावं वर्षअखेरीला निघत नाहीत आणि पुस्तकालाही परतीची तारीख नसते. उद्या कुणी विचारलं तर बघून घेईन. बेल वाजवायचा धीर आजही होणार नाही, म्हणून हे दाराखालून सरकवून जाईन. परवा सोमवार आहे. आठ वाजता तुझा फोन वाजणार नाही. तिचं नाव पुसलं, असं मात्र मनात आणू नकोस.

तुझीच,
बटणवाली