मालकाच्या मानाची झूल

।। ॐ नमः शिवाय ।।

कंधार, जि. नांदेड
८ मार्च २०१६

चि. सिंधु हीस अज्जाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंचवीस दिवस लावले, त्याबद्दल म्हाताऱ्याला माफ कर. झुली पुऱ्या झाल्याशिवाय कागद हातात घ्यायचा नाही असं ठरवलं होतं, आणि डोळे आता दुपारपर्यंतच साथ देतात. फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनानंच भरतो. म्हणून पत्रच बरं.

काल महाशिवरात्र झाली. देवाला घालायला तांब्याभर पाणी होतं, एवढंच चांगलं सांगण्यासारखं. माळेगावच्या जत्रेत ह्या वर्षी माझी एक झूल गेली नाही. बैल उदंड आले होते, पण सगळे विकायला. लाल कंधारीच्या जोड्या मिळेल त्या भावात गेल्या. जो बैल विकायला आणतो तो त्याला झूल कशाला घालील? साठ वर्षांत असा पोळाही पाहिला नव्हता, अशी जत्राही नाही.

अशा वेळी तुझा तो खेळ आला. वृषदळ. कॉम्प्युटरवर पोरं बैलांवर बसून लढाया करतात आणि त्या बैलांच्या झुलीसारखी झूल त्यांना घरात हवी, हे मला अजून नीट पटलेलं नाही. खुर्चीवर घालतात म्हणालीस. मग खुर्चीत बसणारा कोण झाला, हे ओट्यावर माझ्या जोडीला काम करणाऱ्या दस्तगीरनं विचारलं आणि आपल्याच विनोदावर चहा सांडेपर्यंत हसला. पण आरसे त्यानंच लावले, गोंडेही त्याचेच.

कंपनीच्या नियमांचा तू मराठीत लिहून दिलेला कागद मी भिंतीला लावला आहे आणि रोज सकाळी वाचतो. चाहत्यांनी वस्तू हातानं करावी, मशीनवर छापू नये. थोड्याच कराव्यात. आपल्या दुकानाला खेळाचं नाव देऊ नये. वस्तू आपली आणि खेळ कंपनीचा, हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. मला चौथीपर्यंतची अक्कल, पण यातलं एकही मोडलं नाही. ‘ही झूल चाहत्यानं केली आहे’ ही तुझी चिठ्ठी प्रत्येकीला टाचली. उलट तू शिवलेल्या नमुन्याच्या झुलीत मालकाचा मान राहून गेला होता, तो ह्या बावीस झुलींत मी भरून काढला. आमच्या धंद्यात ते चुकवून चालत नाही. तू दिलेल्या पत्त्यांवर इथूनच पोस्टानं सगळ्या रवाना केल्या.

आता काळजी एकच. कंपनी चाहत्यांमधून एकाला चित्रं काढायच्या नोकरीवर घेणार, त्यात तुझं नाव शेवटच्या तिघांत आहे म्हणालीस. त्याचं काय झालं? तू हैदराबादला गेलीस तर कमलम्मालाही नेशील, असा माझा सगळा हिशोब आहे. माझ्या लेकीची कंबर आधीच गेलेली, त्यात त्या टँकरच्या घागरी. आणि आता उदगीरचा नवा जिल्हा करणार म्हणतात. लातूरचा झाला तेव्हा माझी दोन पत्रं उस्मानाबादेत फिरत राहिली होती. तेव्हा पत्त्यावर जिल्हा कोणता लिहायचा तेही कळव.

आईला आशीर्वाद. आहे ती माया आटू देऊ नये.

तुझा अज्जा
चंद्रप्पा

•

लातूर
१७ मार्च २०१६

ती. अज्जांस सिंधुचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उदगीर जिल्हा झाला तरी लातूर लातुरातच राहील, काळजी नसावी. दस्तगीरचाचांना सांगा की खुर्चीत बसणारा बैलच असतो. मी त्यातलीच एक आहे.

इथलं काय सांगू. आमच्या गल्लीत टँकर दहाव्या दिवशी आला. टाकीजवळ पाच माणसांनी जमायचं नाही असा सरकारी हुकूम आहे, म्हणून आई आणि शेजारच्या नागुबाई चार-चारच्या टोळ्या करून उभ्या राहतात. नागुबाई म्हणतात, तहान एकेकट्यालाच लागावी असा हुकूम तेवढा काढायचा राहिलाय. आई हसते, पण उठताना भिंत धरते.

आता मुद्द्याचं. नोकरीसाठी आम्ही दोघंच उरलो होतो, आणि परवा कंपनीचं पत्र आलं. पुण्याच्या कुणीतरी वृषदळची झूल विकत घेतली, तिच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का भरलेला आहे, चक्रातली दोन शिंगं, आणि खाली खेळाचं नाव. कंपनीचाच माल समजून त्यानं तिचा फोटो टाकला. कंपनी म्हणते, चाहत्यांना वस्तू विकायची मोकळीक आहे, पण नाव आणि शिक्का वापरायची अजिबात नाही. तो त्यांचा जीव आहे. झूल माझ्या इंटरनेटवरच्या विक्रीच्या पानावरून गेली असं त्यांना वाटतं.

मी त्याच दिवशी लिहून दिलं की आमच्या घरी शिक्का कधीच भरला जात नाही, कुणीतरी आमची नक्कल केली आहे. नमुन्याच्या झुलीचा फोटोही जोडला. तुम्ही मानाचं म्हणालात ते जास्तीचे गोंडे असणार, हे मला ठाऊक आहे. तरी तुमच्याकडून दोन ओळी आल्या की मन शांत होईल. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज मला हैदराबादेत नळाला चोवीस तास पाणी असतं का ते विचारते.

तब्येत जपावी. दुपारनंतर सुई हातात धरू नये.

तुमची
सिंधु

•

कंधार
२६ मार्च २०१६

चि. सिंधु हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस उशाखाली होतं. आता लिहितो.

शिक्का मीच भरला. बावीसच्या बावीस झुलींवर.

तुला आमच्या धंद्याची रीत कधी सांगितली नाही, कारण तू चित्रांच्या वाटेनं गेलीस आणि मला त्याचा आनंदच होता. झूल शिवणारा आपलं नाव झुलीवर कधी घालत नाही. ज्याचा बैल, त्याचं नाव. माझ्या बापानं एकदा गोजेगावच्या एका मोठ्या घरची झूल बिननावाची दिली, तर भर पोळ्यात त्या मालकानं ती परत आणून ओट्यावर टाकली. बैल काय चोरीचा आहे का माझा, म्हणाला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बापाची मान खाली गेलेली मला अजून दिसते. तेव्हापासून बिननावाची झूल माझ्या ओट्यावरून उतरली नाही.

तुझ्या कागदावर वाचलं की खेळ कंपनीचा हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. मला वाटलं, आमचीच रीत त्यांनीही लिहून ठेवली आहे. बैल त्यांचा, तर नाव त्यांचं. तू पाठवलेल्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात ती दोन शिंगं होती, ती बघून बघून भरली. नाव भरायला एका झुलीला अख्खी सकाळ लागली. दस्तगीर म्हणाला होता, चंद्रप्पा, एकदा पोरीला विचारून घे, मोठ्या लोकांचा शिक्का म्हणजे पोलिसाची टोपी, दुसऱ्यानं घातली की गुन्हा. मी त्यालाच गप्प केलं. आरसे लाव म्हटलं, कायदा शिकवू नको.

सिंधु, तू त्यांना खोटं बोलली नाहीस. तुला माहीतच नव्हतं. कंपनीला लिही की आजोबानं केलं, अडाणी आहे, चोरीसाठी नाही, मान म्हणून केलं. माझं नाव, गाव, वय सगळं लिही. एक दिवसही थांबू नको. पुण्याच्या त्या माणसाची झूल मागव, मी शिक्का उसवून देतो.

आईला अजून सांगू नको. मला जेवण जात नाही. राग आला असेल तर तोही पत्रात लिही, पण लिही.

तुझा अज्जा
चंद्रप्पा

•

लातूर
५ एप्रिल २०१६

ती. अज्जांस सा. न. वि. वि.

मी रागावलेली नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिते म्हणजे तुम्ही जेवाल.

चूक निम्मी माझी आहे. नियमांत शिक्क्याचं वेगळं कलम होतं. नमुन्यात शिक्का नव्हता, म्हणून मी ते तुमच्यासाठी मराठीत उतरवलंच नाही. म्हातारा माणूस उगाच घाबरेल म्हणून पानभर नियमांच्या चार ओळी केल्या. तुम्ही त्या चार ओळी पाळल्यात.

कंपनीनं एक कागद पाठवला होता: शिक्का कुणी घातला त्याचं नाव लिहा. मी माझं लिहिलं. आधी नाही म्हणाले होते, तेही खोटं होतं असं कबूल केलं. ज्यानं घातला त्याच्यावर कोर्टात जायचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कानांनी ऐकू येत नसताना, तुम्हाला हैदराबादच्या कोर्टात उभं करायला मी तयार नाही. माझ्यावर ते जाणार नाहीत असं वाटतं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, फार सभ्यपणे लिहिलं आहे. माझं पान बंद. निवडीतून नाव कमी. यापुढं त्यांच्या खेळाची वस्तू मी करायची नाही, विकायची नाही. तुमचा विश्वास बसणार नाही म्हणून त्यांच्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे.

आई गुरुवारी टँकरपाशी घसरली. मनगटाला प्लास्टर आहे. आता घागरी मी आणते. नोकरीचं तिला अजून सांगितलेलं नाही. निकाल लांबला एवढंच सांगितलं.

विषय इथंच मिटवावा. कुणाला काही लिहू नये, ही माझी विनंती.

तुमची
सिंधु

•

।। ॐ नमः शिवाय ।।

कंधार
१७ एप्रिल २०१६

चि. सिंधु हीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं असं दस्तगीरच्या घरी टीव्हीवर पाहिलं. लोक डब्यांना हार घालत होते. त्या गर्दीत तू दिसतेस का म्हणून मी टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसलो, तर दस्तगीर म्हणाला, आता आत जाऊनच बस. कमलम्माचं प्लास्टर कधी निघणार? घागर दोन्ही हातांनी उचल, एका अंगावर घेऊ नको. तुझीही कंबर गेली तर मी कुणाकडं बघू?

आता तू रागावशील ते लिहितो.

कंपनीच्या पत्राची नक्कल तू पाठवलीस, पण वरच्या बाजूला चौकोनी भोक आहे. उंदरानं खाल्लं असेल, असं दस्तगीर म्हणाला. सिंधु, कात्रीचं काम मला कळतं. तिथं त्यांचा पत्ता होता, आणि म्हातारा जाऊन उभा राहील म्हणून तू तो कापलास.

उरलेला कागद मी दस्तगीरची सून सालेहा हिच्याकडून वाचून घेतला. ती शाळेत शिकवते, तिला इंग्रजी येतं. तिनं दोनदा वाचला आणि मग हळूच सांगितलं की शेवटी एक ओळ आहे, तीस दिवसांच्या आत पुराव्यासह खुलासा केला तर निवडीचा फेरविचार होईल. ते तू मला लिहिलं नाहीस. पुन्हा पानाच्या चार ओळी केल्यास. पत्र एक एप्रिलचं आहे. म्हणजे मेच्या पहिल्या तारखेला सगळं संपतं.

पुरावा काय, तर माझा हात. मी डावखुरा आहे. आपल्यात पूजेला इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात, म्हणून माझ्या आईनं त्या हाताला कधी मारलं नाही, आणि मी सुईही त्याच हातात धरली. झूल उलटी केली की माझा टाका सगळ्यांच्या उलट झुकलेला दिसतो. कंधारात कुणीही शिवणारा ओळखील. तू उजवी आहेस. त्या शिक्क्याचा एक टाकाही तू घालू शकत नाहीस. मी त्यांच्या समोर बसून ती दोन शिंगं भरून दाखवीन, मग त्यांनी त्यांची झूल शेजारी ठेवून बघावी. एवढं करायला कान लागत नाहीत.

ते कोर्टात नेतील, तर नेऊ देत. आमच्या घरचा टाका तुझ्या नावावर, आणि तोही खोटेपणा म्हणून, हे मला जिवंतपणी बघवत नाही. तू माझ्यासाठी दोनदा खोटारडी ठरलीस. एकदा नकळत आणि एकदा जाणून. दुसरी वेळ मला सुई टोचावी तशी टोचते.

दस्तगीर सोबत येतो म्हणाला. त्याला उर्दू येतं, तिथं ते चालतं. रस्ताभर बडबड करीन आणि तुला ऐकूही येणार नाही, म्हणाला. आम्ही इथून नांदेड आणि तिथून रेल्वेनं जाऊ. दोरे भरून ठेवले आहेत. त्यांनी दारातून परत लावलं तरी चालेल. नोकरी कदाचित दुसऱ्याला दिलीही असेल, तेही मी समजून आहे. पण त्यांच्या कागदावर नाव माझं लागलं पाहिजे.

नुसतं हैदराबाद एवढ्यावर मी कुणाचं दार शोधू? तू कापलेला तो चौकोन मला पाठव. जपून ठेवला नसशील तर पत्ता पुन्हा लिही. आईला सांगायचं धाडस होत नसेल तर हे पत्र तिला वाचून दाखव, ती माझी लेक आहे, तुला रागावणार नाही.

कमलम्माला आशीर्वाद, नागुबाईंना शरणार्थ. म्हाताऱ्यावरची माया असू द्यावी. तारखा मोजत बसलो आहे, पोस्टमन ओट्यावरून तसाच पुढं गेला की दिवस जात नाही. उलट टपाली पत्ता कळव.

तुझा अज्जा
चंद्रप्पा