‘जिना’ कोणाच्या हवाली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय गाणे, घशातल्या खरखरीमुळे ‘करवत’ या नावाने ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर माझ्या मर्जीने, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते लिहून ठेवीत आहे. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो देताना ते म्हणाले, “आता कोणावर चिडू नका.” तो सल्ला या कागदाला लागू नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहत्या दोन खोल्या मुलगा आणि सून यांना निम्म्या-निम्म्या. एकट्या मुलाला नाही. माझ्या आजारपणात उशापायथ्याशी सून होती, मुलगा दारातून “कसं वाटतंय?” विचारून फोनवर बोलत बाहेर जायचा. तो कुरकुर करील. करू दे.

२. माईक, त्याचा स्टँड आणि मोठा स्पीकर रेकॉर्डिंगवाल्याला. स्पीकर डाव्या बाजूने घरघरतो, हे त्याला ठाऊक आहे. ज्या हॉटेलच्या मॅनेजरने मी गात असताना माईक बंद केला होता, त्याला माझ्या वस्तूंपैकी टाचणीही मिळू नये. मेला असल्यास त्याच्या वारसांनाही नाही.

३. आता ‘जिना’ या गाण्याबद्दल. भांडण त्यावरच होणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी मुलगी सासरच्या जिन्यावरून पडून गेली. जावई म्हणाला, पाय घसरला. पाय घसरून पडणाऱ्याच्या गळ्यावर बोटांचे वळ उठत नाहीत, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पुरावा पुरेसा नाही म्हणून तो सुटला, आणि नात त्याच्याकडेच राहिली. नातेवाईक म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, आता गप्प बस.” माझ्या मुलीने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता. मी कशाला तोंड दाबून घेऊ? मी गाणे केले. त्यात मी त्याला त्याच जिन्यावरून ढकलते. ‘एकेका पायरीला तुझं एकेक हाड’ ही त्यातली ओळ सगळ्यांना पाठ आहे.

आमच्या धंद्यात आधी कच्चा आवाज घेतात. वाजवणाऱ्यांना कुठे काय येते ते कळावे, एवढ्यापुरताच. मग पक्का आवाज घेऊन कच्चा पुसून टाकायचा. कच्च्यात मी जावयाचे नाव घेऊन गायले होते. पक्क्यात नाव नव्हते. रेकॉर्डिंगवाल्याने नेमका पक्का पुसला. माझ्या दारात येऊन कपाळावर हात मारून म्हणाला, “ताई, घात झाला. परत गाता का?” मी जे उरले होते ते ऐकले आणि म्हटले, “राहू दे.” चूक त्याची असेल, पण नाव राहिले ते माझ्या सांगण्यावरून. त्याला कोणी बोल लावू नये.

गाणे चालले. धो धो चालले. जावयाने बदनामीचा दावा लावला नाही. लावला असता तर कोर्टात पुन्हा जिन्याचा विषय निघाला असता.

पुढे एका परक्या गावात एकाने आपल्या मेव्हण्याला जिन्यावरून ढकलून मारले आणि पोलिसांना सांगितले की डोक्यात हेच गाणे होते. आमचा ड्रमवाला तालमीला आला तो काठ्या पिशवीतून न काढताच बसून राहिला. म्हणाला, “ताई, मी नाही वाजवणार हे. कुणाचा तरी पोरगा गेला.”

मी म्हटले, “माझी पोरगी गेली, तेव्हा रे कुठलं गाणं लागलं होतं?”

तो काठ्यांची पिशवी उचलून निघून गेला. आमचा अबोला पुष्कळ वर्षे चालला. कलावंताने मनातला खून गाण्यात आणावा का, असे मला सभांतून विचारत. मी म्हणे, आणावा, बेलाशक आणावा. गाण्यात ढकलला म्हणूनच हाताने ढकलला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. हे मत मी आजही बदललेले नाही आणि मरताना बदलणार नाही.

पण नातीचे लिहायला हवे. तिच्या शाळेत पोरे जिना चढताना ते गाणे म्हणत, तिच्या बापाच्या नावासकट, प्रत्येक पायरीवर पाय आपटत. तिने जिना चढणे सोडले. वर्ग वरच्या मजल्यावर होता. ती खाली पाण्याच्या टाकीपाशी दप्तर घेऊन बसून राही. शेवटी बाईंनी वर्ग खाली आणला. माझ्याकडे सुट्टीत आली तेव्हा तिने विचारले, “आजी, तू बाबांना खरंच ढकलणार आहेस?”

“नाही गं बाळा. गाणं आहे ते.”

“मग नाव कशाला घेतेस?”

मी तिला खाऊ दिला. त्या आठवड्यात कार्यक्रम होता, तिथे नावासकट गायले. लोकांनी पुन्हा गायला लावले, पुन्हा गायले. त्यानंतर नात माझ्याकडे आली नाही. माझ्या मताची किंमत त्या पोरीने मोजली आणि टाळ्या मी घेतल्या.

आता मुलाला एक कंपनी भेटली आहे. नाव काढायचे, हाडांची ओळ बदलायची आणि गाणे जाहिरातीला द्यायचे. मुलगा म्हणतो, “आई, लोकांना राग हवाच आहे गं, फक्त जरा स्वच्छ.” स्वच्छ! बहिणीचे प्रेत उचलले तेव्हा हाच मुलगा हमसून हमसून रडत होता.

गेल्या महिन्यात ड्रमवाला इतक्या वर्षांनी घरी आला. नातीचा निरोप होता. ‘जिना’ वाजवायला नकार देणारा म्हणून तिने त्यालाच गाठले होते. जावई अंथरुणाला खिळला आहे, त्याचे सगळे तीच करते. खिडकीखालून जाणाऱ्या गाड्यांत अजून कधी कधी ते गाणे वाजते. तिने विचारले होते, “आजी मेल्यावर तरी ते बंद होईल का?”

त्या माणसासाठी मी एक अक्षर मागे घेणार नाही. पण विचारले तिने आहे. म्हणून ‘जिना’ या गाण्याचे शब्द, चाल, मूळ टेप आणि सर्व हक्क मी माझ्या नातीला देत आहे. तिने ते वाजू द्यावे, बंद करावे, गावे किंवा नष्ट करावे. माझी एकही अट नाही. मुलगा म्हणाला, “तिला दिलंस तर जाळून टाकेल ती.” टाकू दे. माझ्या जन्मभराच्या गाण्यांत तेवढे एकच चांगले आहे, हे मला माहीत आहे.

४. नातीस. बाळा, तूही गातेस असे ड्रमवाल्याकडून कळले. तुला माझ्यावर गाणे करावेसे वाटले तर कर. माझे नाव घेऊन कर. मी काय केले ते सगळे त्यात घाल, चांगले काही आठवले नाही तर घालू नकोस. माझा मुलगा किंवा सून यांपैकी कोणी त्या गाण्यावर हरकत घेतल्यास, दावा लावल्यास किंवा एखादा शब्द सौम्य करायला सांगितल्यास, वरील दोन खोल्यांतला त्याचा वाटा रद्द होऊन तुला मिळेल. गाण्यात मला मारलेस तरी चालेल.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. अंमलबजावणी हा कागद तपासून देणाऱ्या वकीलबाईंनी करावी.

सही: करवत

साक्षीदार १: ड्रमवाला. (साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. तो म्हणाला, नकोच आहे.)
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: सात फेब्रुवारी